पांढऱ्या कटोरीतली काच

गोंदिया, २ सप्टेंबर २०२४

रूपेश,

तुझा नंबर लागत नाही, म्हणून सौंदडच्या पत्त्यावर लिहिते आहे. पत्ता तुझ्या जुन्या नोंदणीच्या फॉर्मवर सापडला. पत्र उघडलंस तर आधी एवढंच सांग: तू इथे असताना जस्त घातलेली टेल्युराइट काच करायचास, ती कोणत्या भांड्यात वितळवायचास? प्लॅटिनमच्या की पांढऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या? तुझ्या वहीत तापमान आहे, वेळ आहे, वजनं आहेत, कोणत्या वारी काच ओतली तेही आहे. भांडं कोणतं, ते कुठेच नाही.

विचारण्याचं कारण असं. माझा प्रबंध या वर्षाअखेर द्यायचा आहे. सगळं मोजून झालं होतं, एक नमुना राहिला होता. नेमकं प्लॅटिनमचं भांडं बुडाशी चिरलं आणि दुरुस्तीला गेलं. मग कपाटातलं जुनं पांढरं भांडं काढलं आणि त्यात वितळवलं. बाकी सगळं तेच. आठशे पन्नास अंश, अर्धा तास, तापवलेल्या पितळी साच्यात ओतणं. काचही तशीच निघाली, फिकट पिवळी, हातात घेतली की दगडापेक्षा जड. तुकडा नागपूरला तपासायला पाठवला. काल आलेख आला.

तीनशे बेचाळीस.

पहिल्या दिवशी तू मला समजावलं होतंस की काच बर्फासारखी एकदम वितळत नाही. तापवत गेलं की एका तापमानाला ती आतून सैल पडते, आणि ते तापमान म्हणजे काचेचा अंगठा, त्यावरून ती कोणती ते ओळखायचं. माझ्या या काचेचा अंगठा तीन वर्षं तीनशे एकोणीस येत होता. तुझ्या वहीत तीनशे चव्वेचाळीस आहे. याच पंचवीस अंशांवरून तुझी पीएचडी थांबली. आणि आता माझीच काच तुझ्या आकड्याशेजारी जाऊन बसली आहे.

यंत्रात बिघाड असावा. मी पुन्हा पाठवते आहे.

आणि एक. तुझ्या चौकशीच्या दिवशी समितीपुढे मी फक्त आकडे जुळत नाहीत एवढंच सांगितलं होतं. पुढचं आपले गाईड रहांगडाले सरांनी आणि समितीनं ठरवलं. तुला कोणी वेगळं सांगितलं असेल तर ते तसं नाही.

नूतन


गोंदिया, २३ सप्टेंबर २०२४

रूपेश,

उत्तर नाही आलं. मी अपेक्षा केली नव्हती, असं लिहिणार होते, पण रोज ऑफिसात जाऊन टपाल विचारत होते.

यंत्र ठीक आहे. दुसऱ्यांदा तीनशे एकेचाळीस आलं. मी प्रकाशाचीही तपासणी केली. काच प्रकाशाला किती वाकवते तो आकडा माझ्या सगळ्या नमुन्यांत दोनच्या वर आहे, आणि या नव्या काचेत एक पूर्णांक सत्त्याण्णव. तुझ्या वहीत किती आहे पाहिलं. एक पूर्णांक शहाण्णव. म्हणजे उष्णतेचा आकडा तुझ्यासारखा आणि प्रकाशाचाही तुझ्यासारखा. एक आकडा योगायोगानं जुळेल. दोन कसे जुळतील?

मला काही कळेनासं झालं आहे. दोन दिवस मी माझंच काम चुकीचं आहे असं धरून बसले होते. मग वाटलं, नाही, प्लॅटिनमचे आकडे जगभरच्या आकड्यांशी जुळतात. मग तुझे कुठून आले? तू ते मनानं लिहिले असशील, तर माझ्या भट्टीतून ते आपोआप कसे निघाले?

शेवटी बकारामभाऊंना विचारलं. ते आता निवृत्तीला आले आहेत, तरी भट्टीच्या खोलीची किल्ली कुणाला देत नाहीत. तुझं नाव काढताच म्हणाले, "कुमरेभाऊ त्या पांढऱ्या कटोरीतच शिजवत होते. प्लॅटिनमची कटोरी तवा आलीच कुठं होती? ते तुमच्या वेळेस आली."

"मग हे तेव्हा कुणी सांगितलं का नाही?"

"मले कोणी इचारलं का मॅडम? मी तर बाहेर खुर्च्या लावून राहिलो होतो."

मग मी ती कटोरी नीट पाहिली. काचेची पातळी जिथवर येते तिथे आतल्या बाजूला गोल खाच पडली आहे, बोटाला लागते. चिकटलेली काच आम्लानं धुऊन काढली आणि वजन केलं. नवी असतानाचं वजन तिच्या डब्यावर तुझ्याच अक्षरात आहे. एक ग्रॅमहून जास्त कमी भरलं. ते गेलं कुठे? काचेत गेलं असेल का? इतकं जाऊ शकतं का? मी पुस्तकं काढून बसले आहे. हे सगळं मी तुला का लिहून राहिले, तेही नीट सांगता येत नाही. सरांना अजून काही बोलले नाही.

नूतन


गोंदिया, १७ ऑक्टोबर २०२४

रूपेश,

तुझी जुनी काच सापडली. खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या डबीत, वर तारीख. मी तिचा एक तुकडा आणि माझ्या नव्या काचेचा एक तुकडा असे दोन्ही, आत कोणती मूलद्रव्यं आहेत ते पाहायला पाठवले.

दोन्हींत अ‍ॅल्युमिनियम आहे. साधारण सारखंच. प्लॅटिनममधल्या काचेत शून्य.

म्हणजे वितळलेली टेल्युराइट काच कटोरीची भिंत खात होती. भिंतीतलं अ‍ॅल्युमिना काचेत शिरलं. त्यानं काचेची वीण घट्ट झाली, म्हणून ती उशिरा सैल पडू लागली, आणि प्रकाश कमी वाकवू लागली. तुझा प्रत्येक आकडा खरा होता. माझाही खरा होता. आपण दोघं एकाच नावाच्या दोन वेगळ्या काचा मोजत होतो.

हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, कारण गुंता सुटला. मी जेवले नाही. खोलीवरच्या मुलींना सांगितलं की पित्त झालं आहे.

पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते पूर्ण खरं नाही. समितीनं मला आत बोलावलं तेव्हा आधी मी आकडे जुळत नाहीत एवढंच म्हणाले होते. मग सरांनी विचारलं, "म्हणजे त्यानं न मोजताच लिहून टाकले असतील का?" मी म्हणाले, "असेल." एवढंच. एक शब्द. पण मी तो म्हणाले.

का म्हणाले ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या महिन्यात कोलकात्याच्या परिषदेला सर तुला पाठवणार होते, मला नाही. ते कारण असेल. तीन मोठी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मला हुशार दिसायचं होतं, तेही असेल. आणि आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. त्याच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "जंगलपट्टीतून कोट्यात येतात, आकडे काय मोजणार." मी तिथेच चहा पीत होते. मी कप खाली ठेवला नाही. चहा संपवला. ते वाक्य माझ्या मनात राहिलं होतं का, आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच "असेल" निघालं का? मी कामठ्याची, पाच पिढ्या शेती करणाऱ्या घरातली. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही, असं मी नेहमी सांगत आले. बोलत नाहीत हे खरं. पण ऐकलं तर थांबवत असतील का, ते मला आता माहीत नाही.

मी बाहेर आले तेव्हा तू मला विचारलं होतंस, "तू करून पाहिलं होतं ना?" मी हो म्हणाले होते. मला वाटलं, तू फक्त आकड्याबद्दल विचारतो आहेस.

नूतन


गोंदिया, ११ नोव्हेंबर २०२४

रूपेश,

मी तुझ्या घरी येऊन गेले. आईंनी सांगितलंच असेल.

त्याआधी सरांकडे गेले होते. सगळे कागद टेबलावर मांडले. सरांनी ते दोनदा वाचले. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "काम चांगलं केलंस. वेगळा पेपर होईल याचा. पण प्रबंधात हे घालू नको."

मी म्हणाले, "सर, प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलं आहे की या प्रयोगशाळेतले आधीचे आकडे विश्वासार्ह नव्हते. ते वाक्य खोटं आहे."

"वाक्य काढून टाक."

"आणि रूपेश?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "त्या वर्षी विद्यापीठातून माझ्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध परत आले होते. तिसरा आला असता तर माझं गाईडपण गेलं असतं. मी घाबरलो होतो, नूतन. आता हे उकरलं तर समितीला काय सांगू? तुझ्याच बोलण्यावर आम्ही ठरवलं. नाव तुझंही येईल."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचा चेहरा माझ्यासारखाच वाटला. मला कळेना की मी सरांना माफ करून राहिले की स्वतःला. कागद उचलले आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सौंदडला उतरले. तिथून ऑटोनं तुमच्या टोल्याच्या वस्तीवर. धानाच्या कापणीत सगळी माणसं शेतावर होती. तुझी आई अंगणात सुपानं धान उडवत होती. मी नाव सांगितल्यावर सूप थांबलं.

"तू होय का ते काचवाली?"

मी मान हलवली. त्यांनी खाट ओढून दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा धान उडवायला लागल्या. तू आश्रमशाळेत तासिकेवर शिकवतोस आणि संध्याकाळपर्यंत येत नाहीस, हे त्यांनी सांगितलं. पत्रांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "वाचते तो. वाचून पुस्तकात ठेवते. मी इचारलं, काय लिहिलं? म्हणे, कटोरीचं लिहिलं."

मग काही न विचारता स्वतःहून म्हणाल्या, "तिथं होता तवा तुझं लय सांगे. म्हणे, एक पोरगी हाय, तिले काही सांगतलं त ऐकत नाही, म्हणते मीच करून पाहते. मंग परत आला तवा सहा महिने कोणासंग बोलला नाही. बापासंग तेंदूपत्त्याले जाये, येये. आता तू काऊन आली?"

मी म्हणाले, "माफी मागायला."

"मले काय मागतं? माझ्या हातात थोडी हाय ते."

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणून मला अजूनच काय करावं कळेना. मी सूप घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू दे, तुले जमनार नाही, सारं कोंड्यात जाईन." परतीच्या गाडीला दोन तास होते. ते मी स्टेशनवर बसून काढले. एकदा वाटलं आश्रमशाळेत जावं. नाही गेले. तुझ्या वर्गातल्या मुलांसमोर तुला बाहेर बोलावणं, हेही पुन्हा तसलंच झालं असतं.

नूतन


सौंदड, १९ नोव्हेंबर २०२४

नूतन,

तुझी चारही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. आई म्हणाली, पोरगी उन्हात आली होती, दोन ओळी तरी लिही. म्हणून लिहितो आहे.

कटोरीचं तू शोधून काढलंस ते बरोबर आहे. पण मला ते नवीन नाही. तुझा तीनशे एकोणीस आला त्याच आठवड्यात मला शंका आली होती. कटोरीला खाच पडलेली मी पाहिली होती. समितीपुढे मी हेच सांगितलं. म्हटलं, सर, भांडं वेगळं आहे, एकदा नूतनला माझ्या कटोरीत करून पाहायला सांगा, आठ दिवसांत कळेल. सर म्हणाले, थांब, तिलाच विचारू. आणि तुला आत बोलावलं. मला बाहेर बसवलं.

मी बाकड्यावर बसून होतो तेव्हा मला काळजी नव्हती. मला माहीत होतं तू काय म्हणशील. तू सगळ्याच गोष्टींना म्हणायचीस, थांबा, मी करून पाहते. तेवढं एकदा म्हणाली असतीस तर झालं होतं. तू बाहेर आल्यावर म्हणून विचारलं, तू करून पाहिलं होतं ना. तू हो म्हणालीस. मला वाटलं, माझ्या कटोरीत करून पाहिलंस, आणि तरी तीनशे एकोणीसच आलं. मी घरी आलो आणि तेव्हापासून माझाच माझ्या आकड्यांवर विश्वास नव्हता. तुझ्या दुसऱ्या पत्रानंतर कळलं की तू कटोरीला हातही लावला नव्हतास.

वहीत भांडं लिहिलं नाही ही चूक माझी आहे. ती मी मान्य करतो. बाकी माझी नाही.

माफी कागदावर पाठवू नको. चारचौघांत जे झालं ते चारचौघांत सांग. सांगितलंस तर सांगितलंस, नाही तर नाही. मला इथे काम आहे. नववीच्या पोरांना प्रकाशाचं अपवर्तन शिकवतो आहे, भिंग एकच आहे आणि पोरं बेचाळीस.

रूपेश कुमरे


गोंदिया, १४ डिसेंबर २०२४

रूपेश,

काल माझ्या प्रबंधाच्या सादरीकरणाला तू होतास; तारखेची चिठ्ठी मिळाली म्हणायची. मी बोलायला उभी राहिले तेव्हा दिसला नव्हतास. तिसऱ्या आलेखाच्या वेळी मागच्या बाकावर दिसलास, आणि त्यानंतर मी काय बोलले ते मला सलग आठवत नाही. म्हणून जेवढं आठवतं तेवढं लिहिते. चुकलं असेल तर सांग.

सरांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की दुसरं प्रकरण बदललं आहे. ते फक्त म्हणाले, "मी अडवणार नाही. पण मी तुझ्या बाजूनं बोलेन असं धरू नको." समितीत दोघं जुनेच होते. मी दोन्ही काचा टेबलावर ठेवल्या. आकडे दाखवले, अ‍ॅल्युमिनियमचं सांगितलं, कटोरी फिरवायला दिली. समितीतल्या मॅडमनी खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही पाहिलं?"

इथवर मी कागद बघून बोलत होते. मग कागद खाली ठेवला. म्हणाले, "पाहायला सांगितलं होतं. रूपेश कुमरेंनी याच खोलीत, याच समितीला सांगितलं होतं. तेव्हा मला आत बोलावून विचारलं गेलं की त्यांनी आकडे न मोजता लिहिले असतील का. मी 'असेल' म्हणाले. मी त्यांच्या भांड्यात एकदाही काच केली नव्हती. मला काहीही माहीत नव्हतं आणि तरी मी म्हणाले."

सर समोरच्या कागदावर रेघा ओढत होते. नंतर समितीतल्या दुसऱ्या सरांनी विचारलं, "म्हणजे चूक कोणाची धरायची?" मी म्हणाले, "वहीत भांडं लिहायचं राहिलं, ती त्यांची. न तपासता बोलले, ती माझी. न तपासता ऐकलं, ती तुमची." हे मी ठरवून आले नव्हते.

आणि तेव्हा तू उभा राहिलास. मला वाटलं तू आता सगळं बोलशील, आणि बोलावंस असंही वाटलं. तू विचारलंस, "वितळवायचा वेळ कमी-जास्त केला तर अ‍ॅल्युमिना किती शिरतं, ते पाहिलं का?"

मॅडम म्हणाल्या, "आपण कोण?"

"रूपेश कुमरे. ही काच मी बनवली होती."

मी म्हणाले, "नाही पाहिलं. पाहायला पाहिजे होतं." तू मान हलवून खाली बसलास, कुठल्याही सेमिनारला कुणीही बसतं तसा. तिथे मला रडू आलं आणि मी पाणी प्यायचं निमित्त केलं.

तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नसेल. माझं प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलं आहे, प्रबंध सहा महिने पुढे गेला. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सहा महिन्यांनं काय होते? पण हे तवाच बोलली असती त?" मॅडमनी तुझा पत्ता मागून घेतला. तुझ्याबद्दलचा जुना निर्णय परत पाहायचा तर तुझा अर्ज लागेल, तो कोऱ्या कागदावर चालेल, असं त्या म्हणाल्या. सरांनी ते ऐकलं. संध्याकाळी जाताना माझ्या टेबलापाशी थांबले आणि विचारलं, "तो बरा आहे ना?" मी म्हणाले, तुम्हीच विचारा. त्यांनी तुझा नवा नंबर मागितला. माझ्याकडेही नाही, हे सांगताना मला लाज वाटली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. गेटबाहेर मी तुझ्या मागे धावत आले. वीज गेली होती आणि झेरॉक्सच्या दुकानाचा जनरेटर धडधडत होता. तू म्हणालास, "माफ केलं असं समजू नको." ते मला स्वच्छ ऐकू आलं. मग तू म्हणालास, "तो वितळवायच्या वेळेचा प्रयोग, जमलं तर..." आणि पुढचा शब्द जनरेटरमध्ये गेला. तू "कर" म्हणालास, की "करू"? मी तुला तिथेच पुन्हा विचारायला हवं होतं. तू ऑटोत बसलास आणि मी नुसती मान हलवली, जणू ऐकू आलं.

कालपासून मी दोन्ही शब्द म्हणून पाहते आहे. तुझे ओठ आठवून पाहते. कधी एक वाटतो, कधी दुसरा. या वेळी मी मनानं काही धरणार नाही. भट्टी सोमवारी अकराला लावणार आहे, पांढरी कटोरी, पहिला नमुना दहा मिनिटांचा. तो मी करतेच. दुसरा वीस मिनिटांचा आहे. तो कुणी करायचा ते तू लिही.

नूतन